३२९ नोंदी, १५५ घुसखोऱ्या: पँगाँगवरच्या उजेडाचं प्रकरण

यूएफओ म्हटलं की आपल्याकडे लगेच अमेरिका आठवते, रॉसवेल वगैरे. पण आपल्याच सैन्याने सहा-सात महिने सलग, वहीत तारीख-वेळ टाकून, रडार लावून, ड्रोन उडवून एका अनोळखी उजेडाचा पाठलाग केलाय हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यांना फक्त शेवटचा विनोद माहीत असतो, की "हाहा, आर्मीने शुक्राला चिनी ड्रोन समजलं". मला हा विनोद पटत नाही. का ते सांगतो, पण आधी झालं काय ते नीट बघू.

जागा लडाख, पँगाँग त्सोचा दक्षिण काठ, ठाकुंगची चौकी. पँगाँग आता सगळ्यांनी रीलमध्ये बघितलाय, पण रीलमध्ये दिसतो तो त्याचा एक कोपरा. तलाव १३४ किलोमीटर लांब आहे, उंची सव्वाचार हजार मीटर म्हणजे जवळपास १४ हजार फूट, आणि त्यातला साधारण एक तृतीयांश भाग आपल्याकडे, बाकी चीनच्या ताब्यात. तलाव पसरलाय पूर्व-पश्चिम, म्हणजे ठाकुंगला उभं राहून पूर्वेकडे बघितलं की पाणी, डोंगर, आणि डोंगरापलीकडे चीन. हे पूर्वेकडे चीन असणं लक्षात ठेवा, सगळं प्रकरण त्याच्यावर फिरतं.

साल २०१२. १९६२ च्या युद्धाला ५० वर्षं होत होती, आणि रेझांग ला, चुशूल ही सगळी नावं याच भागातली. म्हणजे तिथे रात्री ड्युटीवर उभा असलेला माणूस समोरच्या डोंगरावर उजेड दिसला तर "वा काय सुंदर" म्हणणार नाही, तो वरती कळवणार. त्याला पगारच त्याचा मिळतो.

तर १ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर २०१२ या अडीच महिन्यांत आयटीबीपीच्या, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या, तिथल्या तुकडीने शंभराहून जास्त वेळा उजेड दिसल्याचं कळवलं. वर्णन साधारण एकच, पिवळसर गोळा, चीनच्या बाजूच्या क्षितिजावरून वर येतो, हळूहळू आकाशातून सरकतो, तीन ते पाच तास दिसतो आणि मग नाहीसा होतो. सैन्याच्या लेहमधल्या १४ कोअरने हे दिल्लीला कळवलं. कागदोपत्री नाव पडलं 'अनआयडेंटिफाइड ल्युमिनस ऑब्जेक्ट', म्हणजे उडणारी वस्तू असा शब्दसुद्धा नाही, फक्त प्रकाशमान काहीतरी. मला हे नाव फार आवडतं कारण त्यात जेवढं दिसलं तेवढंच लिहिलंय, उडतंय की नाही ते आपल्याला ठाऊक नाही हे नावातच कबूल केलंय. पुढची गडबड नाव ठेवणाऱ्यांनी केलेली नाही.

मग तपास सुरू झाला. सप्टेंबरमध्ये सैन्याने तलावाजवळच्या डोंगरावर एक फिरतं रडार युनिट आणि एक स्पेक्ट्रम ॲनालायझर चढवला. त्या उंचीवर रडार वर नेणं म्हणजे गणपतीचा मंडप हलवण्यासारखं काम नाही, श्वास घ्यायची मारामार असते तिथे. स्पेक्ट्रम ॲनालायझर कशाला, तर ड्रोन असेल तर त्याचा त्याच्या चालवणाऱ्याशी रेडिओवर काहीतरी संवाद चालू असणार, तो पकडायला. निकाल काय आला? डोळ्यांना उजेड स्पष्ट दिसतोय आणि रडारच्या पडद्यावर काहीही नाही. ॲनालायझरवर पण सिग्नल नाही. मग एक टेहळणी ड्रोन त्या उजेडाच्या दिशेने पाठवला, तो आपल्या कमाल उंचीपर्यंत गेला आणि उजेड काही हाताला लागला नाही.

इथे जरा थांबतो, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं उत्तर याच आठवड्यांत हातात आलेलं होतं.

रडारवर काही दिसलं नाही याचा अर्थ त्या वेळच्या बातम्यांनुसार असा लावला गेला की वस्तू धातूची नाही. म्हणजे तर्क असा की वस्तू आहे, जवळ आहे, तरी रडारला दिसत नाही, मग ती वेगळ्या मटेरियलची असणार. आता हा तर्क सैनिकाच्या जागेवरून चुकीचा नाहीये, कारण त्याच्या कामात आकाशातल्या सगळ्या वस्तू जवळच्याच असतात. पण त्याच निकालाचा दुसरा अर्थ पण होता, की वस्तू रडारच्या पल्ल्याबाहेर आहे. किती बाहेर? ऑगस्ट २०१२ च्या मध्यावर शुक्र पृथ्वीपासून १० कोटी किलोमीटरहून थोडा जास्त लांब होता. रडारची लहर तिथे जाऊन परत यायला साडेअकरा मिनिटं लागली असती, आणि ती पकडायला डोंगरावरचं फिरतं युनिट पुरत नाही. शुक्राचा रडार प्रतिध्वनी १९६१ मध्ये पकडला गेला तो अमेरिकेतल्या गोल्डस्टोनच्या प्रचंड डिशने. गुरू तर डिसेंबरात जवळात जवळ आला तेव्हाही ६० कोटी किलोमीटरवर. तर रडार खरंच बोलत होतं, ॲनालायझर पण खरं बोलत होता, ड्रोनने पण खरंच सांगितलं. तिघांनी एकच सांगितलं की इथे जवळपास काही नाहीये. प्रश्न मात्र सगळे "हे कोणाचं?" असा विचारत होते, "हे किती लांब आहे?" हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नाही, किंवा आला तरी त्याला जोर मिळाला नाही.

अंतर काढायला भारी यंत्र लागत नाही हो. दोन चौक्या घ्या, समजा एकमेकींपासून १० किलोमीटरवर. दोघांनी एकाच क्षणी, वायरलेसवर "आता" म्हणून, उजेडाची दिशा कंपासवर वाचायची. ड्रोन एका चौकीच्या अगदी समोर २० किलोमीटरवर असेल तर दोन वाचनांत २६-२७ अंशांचा फरक येईल, डोळे झाकून कळेल इतका. ग्रह असेल तर फरक शून्य, कंपासची चूक सोडली तर. तोफखान्यातल्या माणसाला हे शिकवायची गरज नाही, त्याचं रोजचं काम आहे ते.

आता आकाशात त्या वेळी काय होतं ते बघू, कारण इथे योगायोग असा जुळून आला होता की मीसुद्धा फसलो असतो.

१ ऑगस्ट २०१२ च्या आसपास गुरू वृषभ राशीत, रोहिणीच्या बाजूला, आणि शुक्र त्याच्या पुढे थोड्या अंतरावर. दोघेही पूर्वेच्या जरा उत्तरेला उगवत होते, ठाकुंगच्या अक्षांशावरून ढोबळ हिशोब केला तर पूर्वेपासून २५-२६ अंश उत्तरेकडे. आधी रात्री दीडच्या आगेमागे गुरू डोंगराआडून वर यायचा, आणि साधारण तासाभराने जवळपास त्याच भागातून दुसरा, त्याच्याहून कितीतरी तेजस्वी, शुक्र. चौकीवरून हे कसं दिसलं असेल विचार करा. चीनच्या बाजूच्या एकाच डोंगरामागून तासाभराच्या अंतराने दोन दिवे सुटतात, दोन्ही सारख्याच सावकाश चालीने आपल्या दिशेला वर चढतात, आणि उजाडलं की गायब. एक तळ, दोन उड्डाणं. मला तर वाटतं याला ड्रोन न समजणाराच विचित्र म्हणावा लागेल.

आणि ते तीन ते पाच तास! ऑगस्टच्या सुरुवातीला गुरू सूर्योदयाच्या चार-सव्वाचार तास आधी उगवतो, शुक्र तीन-सव्वातीन तास आधी. उजाडलं की दोघं पुसले जातात. रिपोर्टमधला आकडा आणि पंचांग इतकं सरळ जुळतं की मी पहिल्यांदा गणित केलं तेव्हा परत करून बघितलं.

पिवळसर गोळा का, तर क्षितिजाजवळ प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो, निळा भाग गळतो, पिवळा-तांबडा उरतो. आणि क्षितिज सोडून वर आल्यावर त्या उंचीवर हवा इतकी विरळ आणि कोरडी की ग्रह आपल्याकडे दिसतो त्यापेक्षा जास्त टोकदार आणि जळजळीत दिसतो. जवानांपैकी बरेच जण गावाकडचे असणार, शुक्राची चांदणी त्यांच्या आज्यांनी दाखवलेली असणार, पण गावातल्या धुरकट पहाटेतली चांदणी आणि १४ हजार फुटांवरची चांदणी यात फरक आहे. त्यात अंधारात एकट्या दिव्याकडे टक लावून बघितलं की तो हलतोय असं वाटायला लागतं, ही डोळ्याची जुनी खोड आहे, आणि समोरून पातळ ढग सरकत असला तर विचारूच नका.

याचा मला स्वतःला अनुभव आहे. फेब्रुवारी २०२० ला हरिश्चंद्रगडावर गेलो होतो, संध्याकाळी कोकणकड्यावर बसलो होतो सगळे, सूर्य गेला आणि पश्चिमेला शुक्र लखलखायला लागला. आमच्यातल्या एकाचा ड्रोनचा धंदा आहे, लग्नाची शूटिंग वगैरे, तो ठामपणे म्हणाला हा ड्रोन आहे, बघ मघाशी इथे होता आता तिकडे सरकला. धंद्यातलाच माणूस म्हटल्यावर बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी हात लांब करून करंगळी वर धरली आणि म्हटलं आता बघा. लांबवलेल्या हाताची करंगळी साधारण एक अंश झाकते आणि आकाश चार मिनिटांत एक अंश फिरतं. तंबूचा बांबू रोवलेला होता, त्याच्या टोकाला लागून शुक्र दिसेल असं एका दगडावर डोकं टेकवून बसलो, चार मिनिटांनी शुक्र एक करंगळी खाली, आठ मिनिटांनी दोन. ड्रोनवाल्याने तिसऱ्यांदा स्वतः मोजलं आणि मग चहा टाकायला गेला, काही बोलला नाही. सांगायचं काय, तर ज्याला ड्रोन सगळ्यात जास्त माहीत आहे त्यालाच तो ड्रोन वाटला.

परत लडाखला. सप्टेंबर संपताना हानलेहून खगोलशास्त्रज्ञांचं पथक आलं. हानलेची वेधशाळा पँगाँगपासून दीडेकशे किलोमीटर दक्षिणेला, साडेचार हजार मीटरवर, तिथे दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे आणि ती चालवते बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था, म्हणजे आयआयए. या पथकाने तीन दिवस बघितलं, त्यांनाही उजेड दिसले, आणि नोव्हेंबरमधल्या बातम्यांनुसार त्यांनी सांगितलं की हे नक्की काय ते ठरवता आलं नाही, पण आकाशस्थ नाहीत, उल्का-ग्रह नाहीत. आता हे पुढच्या निष्कर्षाच्या बरोबर उलटं आहे आणि मी ते झाकून ठेवणार नाही. या तीन रात्री त्यांनी खरंच काहीतरी वेगळं बघितलं असेल, किंवा त्यांचं म्हणणं दिल्लीला आणि तिथून छापखान्यापर्यंत जाताना बदललं असेल, दोन्ही शक्य आहे. डीआरडीओ ही संरक्षण संशोधन संस्था आणि एनटीआरओ ही तांत्रिक गुप्तचर संस्था यांच्याकडेही विषय गेला, तिथूनही ठोस काही आलं नाही. बाहेर मात्र कल्पनांची दिवाळी सुरू झाली, चिनी कंदील, चिनी टेहळणी ड्रोन, परग्रहवासी, सगळं.

याच सुमारास सगळ्यांना अनिल कुलकर्णींची जुनी गोष्ट पण आठवली. कुलकर्णी म्हणजे इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्रातले हिमनद्यांचे अभ्यासक, २००४ मध्ये त्यांच्या मोहिमेला हिमाचलातल्या समुद्र टापू भागात माणसासारखी चालणारी पांढरी आकृती दिसली आणि त्यांनी सगळ्या साक्षीदारांशी बोलून त्याचा रीतसर रिपोर्ट केला होता. त्या प्रकरणाचा या उजेडाशी संबंध काही नाही, पण हिमालयात "काहीतरी आहे" या वातावरणाला हातभार लागला. संसदेत प्रश्न आला, तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. ॲंटनी यांनी लोकसभेत उत्तर दिलं की अशा काही वस्तू दिसल्याचा निर्णायक पुरावा नाही. बरोबरच होतं ते उत्तर, त्यात कोणाचं समाधान झालं नाही हा भाग वेगळा.

पण चौकीवरचं लिहिणं थांबलं नव्हतं आणि मला कौतुक त्याचं आहे. ऑगस्ट ते फेब्रुवारी मिळून ३२९ नोंदी झाल्या. थंडीत तिथे पारा शून्याच्या वीस अंश खाली वगैरे जातो, पेनमधली शाई गोठते, अशा ठिकाणी ३२९ वेळा कोणीतरी वहीत लिहिलंय. आणि त्यातल्या १५५ नोंदींपुढे असं होतं की वस्तूने प्रत्यक्ष नियंत्रण रेषा, म्हणजे एलएसी, ओलांडली.

हा १५५ चा आकडा मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात भारी वाटतो. कारण आकाशात एलएसी नसते. एखादा दिवा एलएसीच्या अलीकडे आहे की पलीकडे हे सांगायला तो किती लांब आहे हे माहीत पाहिजे, आणि तेच माहीत नव्हतं. मग ओलांडली हे ठरलं कसं? तर डोंगराच्या अमुक शिखरावरून रेषा जाते, दिवा त्या शिखराच्या वर आला, म्हणजे आत आला. पूर्वेला चीन असलेल्या चौकीवरून बघितलं तर आकाशातली झाडून सगळी मंडळी रोज चीनमधून उगवतात आणि रोज भारतात घुसतात. सूर्यसुद्धा. त्याची नोंद कोणी केली नाही इतकंच.

शेवटी आयआयएकडे काम रीतसर आलं. संस्थेतले खगोलशास्त्रज्ञ तुषार प्रभू यांनी नंतर सांगितलं की त्यांच्याकडे प्रश्न एवढाच होता, या वस्तू आकाशातल्या आहेत की पृथ्वीवरच्या. प्रश्न असा बारीक करून घेतला की अर्धं काम होतं. ड्रोन कोणाचा, कशाचा, का येतो, यातलं काहीच विचारायचं नाही. अशा वेळी लागतात तीन आकडे, वेळ, दिगंश म्हणजे कंपासवरची दिशा, आणि उन्नतांश म्हणजे क्षितिजापासून किती वर. हे तीन असले की त्या क्षणी त्या जागी आकाशात कोण होतं ते कॉम्प्युटर सांगतो, वाद घालायची गरज नाही. आणि आकडे नीट नसले तरी एक गोष्ट जुन्या वहीतूनही निघते, ती म्हणजे उगवायची वेळ रोज साधारण चार मिनिटांनी अलीकडे येते का? तारे आणि गुरूसारखे संथ ग्रह महिन्याला दोन तास लवकर उगवतात. ऑगस्टात रात्री दीडला दिसणारा गुरू ऑक्टोबरच्या मध्यात रात्री नऊच्या सुमाराला, डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य मावळता मावळताच, आणि फेब्रुवारीत तर अंधार पडतो तेव्हाच उंच डोक्याकडे. ड्रोन चालवणारा सहा महिने असं वेळापत्रक पाळत नाही, त्याला जेवायला जायचं असतं. शुक्राचं वेगळं, तो महिनोन्महिने पहाटेलाच दिसत राहतो आणि मग हळूहळू सूर्याच्या उजेडात बुडतो, फेब्रुवारीत तो बुडालाच होता.

निष्कर्ष जुलै २०१३ मध्ये बाहेर आला. एक गुरू, एक शुक्र. जगभर बातमी झाली, हसून झालं. मधल्या काळात एप्रिल-मे २०१३ मध्ये लडाखमधल्याच डेप्सांगला चिनी सैनिकांनी तंबू ठोकून तीन आठवडे ठाण मांडलं होतं, म्हणजे घुसखोरीची भीती हवेतली नव्हती, पण जमिनीवरची खरी घुसखोरी आणि आकाशातली खोटी एकाच वर्षात आल्यामुळे हसणाऱ्यांना अजून मसाला मिळाला.

आता "शुक्र होता" हे उत्तर ऐकून ज्यांना आळशी वाटतं त्यांचंही चुकत नाही, कारण हे उत्तर याआधी खोटं ठरलेलं आहे. ७ जानेवारी १९४८ ला अमेरिकेत केंटकीमध्ये कॅप्टन थॉमस मँटेल नावाचा पायलट अशाच एका अनोळखी वस्तूच्या मागे ऑक्सिजनशिवाय वर वर चढत गेला, २० हजार फुटांच्या वर, आणि विमान कोसळून मेला. हवाई दलाने आधी सांगितलं शुक्र. भर दुपारी. ते टिकलं नाही, पुढे पटलेलं कारण निघालं नौदलाचा गुप्त स्कायहूक बलून, ज्याची हवाई दलाच्या लोकांना माहितीच नव्हती. तिथे शुक्र हे नाव विषय बंद करायला वापरलं गेलं. लडाखमध्ये फरक हा की मागे ३२९ ओळींची वही होती. म्हणून मी म्हणतो की जवान चुकले आणि शास्त्रज्ञांनी सोडवलं असं हे प्रकरण नाहीये, सोडवायला लागणारा सगळा कच्चा माल जवानांनीच थंडीत उभं राहून जमवला होता, आणि चूक झाली ती रडारच्या कोऱ्या पडद्याचा अर्थ लावताना.

सगळ्या ३२९ नोंदी या दोघांच्याच का? मला नाही वाटत. सहा महिन्यांत एखादा खरा ड्रोन, एखादा उपग्रह, एखादं लांबचं विमान त्यात मिसळलेलं असणारच, आणि हानलेच्या पथकाच्या त्या तीन रात्री मला अजूनही नीट बसवता येत नाहीत.

बाकी बातमी छापून आली त्या जुलैच्या शेवटी आकाशात काय होतं तेही बघून घेतलं मी. शुक्र तोवर संध्याकाळी पश्चिमेला गेला होता, म्हणजे ठाकुंगवरून आपल्याच बाजूच्या डोंगरात मावळत होता. गुरू मात्र सूर्यामागून बाहेर पडून परत पहाटे दिसायला लागला होता, पूर्वेला, चीनच्या बाजूने, आणि या वेळी मंगळ अगदी त्याच्या शेजारी होता.